आधी फोंड्याच्या पोटातला नकाशा काढा

प्रति,
मा. नगराध्यक्ष, नगरसेवक आणि मुख्याधिकारी, फोंडा नगरपालिका;
तसेच कुर्टी-खांडेपार, बांदोडा, कवळे आणि बेतोडा-निरंकाल या ग्रामपंचायतींचे मा. सरपंच व पंचसदस्य

सविनय नमस्कार.

निवडणूक जवळ आली किंवा अर्थसंकल्प मांडला गेला की फोंड्याला ‘स्मार्ट’ करण्याची भाषा आपल्याकडे सुरू होते आणि तिच्याबरोबर कॅमेरे, शोभिवंत दिवे, बहुमजली वाहनतळ आणि भिंतभर पडद्यांचे नियंत्रण केंद्र यांची यादीही ठरल्याप्रमाणे पुढे येते. त्या यादीतील एकाही वस्तूला माझा विरोध नाही. माझे म्हणणे त्या यादीच्या आधीच्या कामाविषयी आहे. या शहराच्या जमिनीखाली काय काय पुरलेले आहे, कोणत्या खोलीवर आहे, कोणी पुरले आहे आणि पावसाचे पाणी कोणत्या वाटेने कुठे जाते, याचा एकच, खरा आणि सर्वांना पाहता येईल असा नकाशा तयार होईपर्यंत कोणत्याही मोठ्या कामाची निविदा काढू नये, एवढी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पत्र नगरपालिकेच्या जोडीने पंचायतींनाही लिहिण्याचे कारण फोंड्यात राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागू नये. २०११ च्या जनगणनेत नगरपालिकेच्या हद्दीत सुमारे २२ हजार माणसे मोजली गेली, परंतु ज्याला आपण रोजच्या बोलण्यात फोंडा म्हणतो ते शहर त्या हद्दीत केव्हाच मावेनासे झाले आहे. फर्मागुडीला अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारा विद्यार्थी, ढवळीला सदनिका घेणारे कुटुंब, बेतोड्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीला जाणारा कामगार आणि कुर्टीत गॅरेज चालवणारा मेकॅनिक हे सगळे एकाच शहराचे रहिवासी आहेत. त्यांची घरपट्टी मात्र वेगवेगळ्या कचेऱ्यांत जाते. त्याच जनगणनेत गोव्यात ७० नगरे नोंदली गेली. त्यांपैकी नगरपालिका किंवा महापालिका असलेली अवघी १४ होती आणि उरलेली ५६ ही केवळ ‘जनगणना नगरे’ होती, म्हणजे वस्तीने आणि व्यवसायाने शहरी, कारभाराने ग्रामपंचायती. कुर्टी आणि बांदोडा ही त्यांतलीच. त्यानंतरची २०२१ ची जनगणना झालीच नाही आणि पुढची १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाने होणार आहे, तेव्हा आजचे नियोजन आपण दीड दशकाहून जुन्या आकड्यांवर करत आहोत, हेही ध्यानात असू द्यावे.

ही हद्दीची गोष्ट केवळ कागदी नाही, पैशाचा मार्गही तीच ठरवते. अमृत २.० ही केंद्राची योजना पाणीपुरवठ्यासाठी कायद्याने नगर ठरलेल्या सर्व गावांना लागू होते, त्यामुळे फोंडा नगरपालिका तिच्यात बसते. रस्त्यापलीकडचे कुर्टीतील घर मात्र कागदोपत्री ग्रामीण असल्याने जलजीवन मिशनच्या खात्यात जाते. नळाला येणारे पाणी दोघांचेही खांडेपार नदीकाठच्या ओपा जलप्रकल्पाचेच. उद्या रस्त्याच्या अल्याड एका योजनेतून जलवाहिनी बदलली आणि पल्याड दुसऱ्या योजनेतून पाच वर्षांनी बदलली, तर तोच रस्ता दोनदा फोडला जाईल आणि दोन्ही वेळा कागदपत्रे बिनचूक असतील.

पणजीकडे पाहून फोंड्याने काय घ्यावे आणि काय टाळावे, हे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. केंद्राच्या स्मार्ट सिटी मिशनची सुरुवात जून २०१५ मध्ये झाली आणि मे २०१६ मध्ये जलदगती फेरीत निवडलेल्या तेरा शहरांत पणजीचे नाव आले. मिशनच्या नियमाप्रमाणे कामासाठी स्वतंत्र कंपनी उभारली गेली. केंद्राने एका शहराला ५०० कोटी रुपयांपर्यंत द्यायचे आणि तेवढेच राज्य व स्थानिक संस्थेने घालायचे, अशी ती रचना होती. मिशनचा कालावधी वाढत वाढत ३१ मार्च २०२५ ला संपला. या काळात पणजीत मलवाहिन्या बदलल्या गेल्या, गटारे नवी झाली आणि वीज व दूरसंचाराच्या तारा जमिनीखाली गेल्या. ही कामे आवश्यकच होती आणि ती कोणी तरी हाती घेतली याचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु एकाच वेळी शहरभर खोदकाम, उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात चिखल, अशी अवस्था पणजीकरांनी काही वर्षे सोसली, आणि २०२४ मध्ये धुळीच्या तक्रारी उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत जाऊन न्यायमूर्तींनी स्वतः रस्त्यावर उतरून कामांची पाहणी केली. ज्या कामाची पाहणी अभियंत्याने करायची ती न्यायमूर्तींना करावी लागावी, यात नियोजनाविषयी जे सांगायचे ते सगळे आले.

पणजीचा आणखी एक धडा कंपनीच्या रचनेत आहे. वेगाने काम व्हावे म्हणून स्वतंत्र कंपनी काढायची, हा विचार वरवर पाहता योग्य वाटतो. परंतु कंपनीच्या संचालक मंडळाचा कल अधिकाऱ्यांकडे झुकतो, नगरसेवकाला आपल्याच प्रभागातील खड्ड्याविषयी उत्तर मिळेनासे होते आणि कंपनीची मुदत संपली की तिने बांधलेल्या वस्तूंची देखभाल पुन्हा त्याच महापालिकेच्या गळ्यात येते, जिच्याकडे त्यासाठी ना माणसे असतात ना पैसा. फोंडा स्मार्ट सिटी मिशनच्या शंभर शहरांत नव्हते, याची खंत अनेकांना आहे. मला ती नाही. पणजीचा अनुभव समोर ठेवून, घाई न करता काम करण्याची संधी आपल्याला मिळाली आहे.

त्यात पणजीचा आराखडा फोंड्याला जसाच्या तसा लागू पडणारही नाही. पणजी मांडवीच्या काठी, खाजन (खाडीकाठची सखल शेतजमीन) आणि दलदल भरून वसलेली. तिची भीती भरतीच्या पाण्याची. फोंडा डोंगरउतारावर, मांडवी आणि जुवारी यांच्या खोऱ्यांच्या मधोमध वसलेले. येथे पाणी तुंबते त्यापेक्षा धावते अधिक, आणि धावताना माती, खडी, प्लास्टिक असे जे सापडेल ते घेऊन सखल भागात उतरते. पणजीच्या रस्त्यांची आखणी एकोणिसाव्या शतकात सरळ रेषांत झाली. फोंडा बाजारपेठेच्या वाटांवरून, देवळांना जाणाऱ्या रस्त्यांवरून आणि नंतर महामार्गाच्या कडेने वाढत गेले. वरचा बाजार, बुधवार पेठ, तिस्क, वरखंडे, खडपाबांध ही नावे डोळ्यांसमोर आणली तरी हे शहर कोणी एकाने बसून आखलेले नाही, हे कळते.

आता जमिनीखालच्या नकाशाकडे येतो. आपल्याकडे पिण्याचे पाणी पेयजल विभागाकडे आहे, रस्ते काही सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, काही पालिकेकडे आणि महामार्ग वेगळ्या विभागाकडे, वीज थेट सरकारच्या वीज खात्याकडे, मलनिस्सारण त्यासाठीच्या महामंडळाकडे आणि दूरसंचाराच्या वाहिन्या निरनिराळ्या खासगी कंपन्यांकडे. यांपैकी प्रत्येकाकडे आपापल्या वाहिनीचा कसला ना कसला नकाशा असतो, पण तो बहुधा काम सुरू होण्याआधीचा, म्हणजे वाहिनी कुठून जावी याचा असतो. प्रत्यक्ष खोदताना खडक लागला, झाडाचे मूळ आडवे आले किंवा एखाद्या दुकानदाराने हात जोडले म्हणून ती दोन मीटर सरकवली गेली, तर ते सरकणे फक्त मुकादमाच्या डोक्यात राहते. मुकादम निवृत्त झाला की पुढच्या खात्याच्या जेसीबीलाच ती वाहिनी सापडते.

याची किंमत फोंड्याने मोजलेली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपार-केसरवाळ येथे महामार्गाच्या कामाजवळ जमीन खचून ओपाच्या मुख्य जलवाहिन्या निखळल्या आणि तिसवाडी व फोंडा या दोन तालुक्यांना ऐन पावसाळ्यात कित्येक दिवस नळाला पाणी नव्हते. टँकरमागे घागरी घेऊन धावणारी माणसे आणि वरून कोसळणारा पाऊस, असे ते दिवस होते. त्या प्रसंगात दोष कोणाचा, हा या पत्राचा विषय नाही. राजधानीसह दोन तालुक्यांचे पाणी ज्या एका पट्ट्यातून जाते, त्या पट्ट्यात रस्त्याचे काम आणि जलवाहिनी यांचा विचार एकाच टेबलावर बसून एकाच कागदावर झाला पाहिजे, एवढेच मला त्यातून म्हणायचे आहे.

असा नकाशा काढणे आज कठीण राहिलेले नाही. भूवेधी रडारने रस्ता न फोडता खालच्या वाहिन्यांचा माग काढता येतो. जांभ्या दगडाच्या आणि ओल्या चिकणमातीच्या जमिनीत त्याचे वाचन नेहमीच स्वच्छ येते असे नाही, म्हणून ठरावीक अंतरावर हाताने चाचणी खड्डे घेऊन त्याची पडताळणी करावी लागते. प्रत्येक चेंबरचे झाकण उघडून आतल्या नळाचा व्यास आणि तळाची पातळी मोजावी लागते. हे काम कष्टाचे आहे आणि त्याचे उद्घाटन करता येत नाही, म्हणूनच ते मागे पडते. फर्मागुडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आपल्या दारात आहे. स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्यांना टोटल स्टेशन हे मोजणीचे यंत्र घेऊन एकेका प्रभागाची पातळी मोजण्याचे काम, त्यांच्या प्राध्यापकांच्या देखरेखीखाली आणि रीतसर मानधन देऊन, वर्षानुवर्षे देता येईल. त्यातून शहराला नकाशा मिळेल आणि विद्यार्थ्यांना हातांचा सराव होईल.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा नकाशा ताजा ठेवण्याचा. त्यासाठी एक साधी अट पुरेशी आहे: कोणत्याही खात्याच्या किंवा कंपनीच्या कंत्राटदाराचे शेवटचे देयक, त्याने काम जसे प्रत्यक्षात झाले तसा मोजमापासह नकाशा पालिकेकडे दाखल केल्याशिवाय चुकते होऊ नये. कंत्राटदाराला कळणारी भाषा देयकाची असते, हे आपणा सर्वांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. आणि हा नकाशा सांभाळण्यासाठी पालिकेत एक कायमस्वरूपी आरेखक असावा, ज्याची बदली होणार नाही आणि ज्याच्याकडे पंचायतींच्या हद्दीतील वाहिन्यांचीही नोंद असेल. नियंत्रण केंद्रातील दहा पडद्यांपेक्षा हा एक माणूस शहराला अधिक उपयोगी पडेल, असे माझे प्रामाणिक मत आहे.

पातळ्यांचा उल्लेख केला, त्याचे कारण जरा जवळून पाहण्यासारखे आहे. जूनमधल्या पहिल्या जोरदार सरीत बाजारातल्या कोणत्याही उतरत्या रस्त्याच्या कडेला उभे राहून गटाराच्या जाळीकडे पाहावे. अनेक ठिकाणी जाळी रस्त्यापेक्षा दोन बोटे उंच बसवलेली आढळते. पाणी तिच्यापाशी येते, थबकते, तिला वळसा घालून पुढे जाते आणि शेवटी उताराच्या तळाशी असलेल्या दुकानाच्या पायरीवर चढते. गटार आतून जवळजवळ कोरडे असते. पुढच्या वर्षी तक्रार होते, रस्त्यावर हॉटमिक्सचा आणखी एक थर पडतो, रस्ता उंच होतो, आता जाळी खड्ड्यात जाते आणि तिच्यात पाण्याऐवजी खडी भरते. दुकान मात्र रस्त्यापेक्षा आणखी खाली गेलेले असते. जुना थर खरवडून काढल्याशिवाय नवा थर घालू नये, हा नियम रस्तेबांधणीत नवा नाही. तो पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी सेन्सर लागत नाही, फूटपट्टी लागते.

गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. गटाराची रुंदी मात्र अजूनही बऱ्याचदा रस्त्याकडेला किती जागा उरली यावरून ठरते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये पर्जन्यजल निस्सारणाची स्वतंत्र नियमपुस्तिका प्रसिद्ध केली असून तिच्यात किती तीव्रतेचा पाऊस धरून गटार आखावे याची रीत दिलेली आहे. तिच्याप्रमाणे फोंड्याची आकडेमोड करायची तर वर सांगितलेल्या पातळ्या लागतात, आणि त्या केवळ नगरपालिकेच्या हद्दीपुरत्या मोजून भागत नाही. पाणी हद्दीचा दगड पाहून थांबत नाही. वरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, पंचायतीने परवानगी दिलेल्या बांधकामाने माती उघडी पडली, तर तिचा गाळ खालच्या पालिकेच्या गटारात येतो. पालिकेने गटार रुंद करून पाणी वेगाने पुढे ढकलले, तर ते खालच्या गावातील व्हाळात (ओढ्यात), कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) आणि शेतात शिरते. म्हणून गटारांचा आराखडा प्रभागांप्रमाणे न करता पाणलोटाप्रमाणे करावा: कोणता उतार खांडेपार नदीकडे जातो आणि कोणता जुवारीकडे, हे आधी आखावे आणि प्रत्येक उतारावरच्या संस्थांनी तेवढ्यापुरते एकत्र बसावे.

सड्यांविषयी आणखी एक वाक्य लिहिल्याशिवाय राहवत नाही. वरून उजाड दिसणारे आपले जांभ्याचे सडे पावसाचे पाणी पोटात घेतात आणि तेच पाणी पायथ्याच्या झरींतून, तळ्यांतून आणि विहिरींतून वर्षभर परत देतात. अंत्रुज महालातील, म्हणजे आपल्या फोंडा परिसरातील, कुळागरे आणि देवळांच्या तळ्या त्या पाण्यावर उभ्या आहेत. सोळाव्या शतकात आदिलशाहीच्या काळात बांधलेल्या साफा मशिदीची तळीसुद्धा याच भूजलाची साक्ष देते. सडा म्हणजे मोकळी पडलेली जागा, असा समज करून घेऊन तिथे काँक्रीट ओतले, तर खाली विहिरी आटणार आणि वरचे सगळे पाणी एकाच तासात रस्त्यावर येणार. नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या कलम १७(२) आणि ३९अ खाली एकेका भूखंडाचा विभाग बदलण्यावरून राज्यभर जो वाद झाला, त्याच्या कायदेशीर बाजूत मी शिरत नाही. परंतु एकेक भूखंड सुटा सुटा पाहून पाण्याचा विचार होऊच शकत नाही, हे अभियांत्रिकीचे साधे सत्य आहे आणि आपण सर्वांनी ते नियोजन प्राधिकरणासमोर एकमुखाने मांडायला हवे.

सांडपाण्याचा प्रश्न याला जोडूनच येतो. मलवाहिनी रस्त्याखालून गेली म्हणजे काम झाले, असे अहवालात लिहिता येते. घराचा शौचकूप तिला जोडला गेला नसेल तर मैला पूर्वीप्रमाणेच शोषखड्ड्यात जातो आणि जांभ्याच्या भोकाभोकांतून शेजारच्या विहिरीत उतरतो. मलवाहिन्या पडूनही घरे जोडली न जाण्याचा अनुभव गोव्यातील इतर शहरांना आला आहे, आणि त्यात केवळ लोकांची अनास्था नाही. अंगण फोडायचे, लाद्या उखडायच्या, प्लंबर शोधायचा, अर्ज करायचा, आणि हे सगळे स्वतःच्या खर्चाने, असे म्हटल्यावर चालू शोषखड्डा कोण बंद करील? घरापर्यंतची जोडणी मूळ कामाच्या निविदेतच धरावी आणि कामाची प्रगती वाहिनीच्या किलोमीटरमध्ये न मोजता जोडलेल्या घरांत मोजावी. तोवर शोषखड्डे उपसणाऱ्या टँकरांची नोंदणी करून, ते मैला नेमका कुठे रिता करतात यावर नजर ठेवणारी यंत्रणा बसवावी; तंत्रज्ञान वापरायचेच असेल तर टँकरवरचा जीपीएस ही त्याची उत्तम जागा आहे. खांडेपार नदीच्या काठी ओपा आहे आणि ओपाचे पाणी फोंड्यापासून पणजीपर्यंत प्यायले जाते, एवढे स्मरण पुरे.

कचऱ्याविषयी फार लिहीत नाही. वर्गीकरण घरातच व्हायला हवे, हे आता सर्वांना पाठ आहे. भाड्याच्या खोल्यांत दाटीने राहणाऱ्या कामगारांपर्यंत कचरा उचलणारी गाडी पोहोचत नाही, आणि रस्त्याकडेच्या ढिगाऱ्यांचे मूळ बरेचदा तिथे असते, इतकेच नोंदवून ठेवतो.

वाहतुकीबाबत मात्र एक आग्रह आहे. गोव्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या लोकसंख्येच्या जवळपास पोहोचली आहे, तेव्हा वाहनतळ कितीही बांधले तरी ते भरणारच. फोंड्याची खरी गरज चालण्याची आणि बसची आहे. पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक सांगते. दादा वैद्य चौकापासून जुन्या बसस्थानकापर्यंत किंवा बुधवार पेठेच्या बाजूने चालून पाहिले, तर त्या रुंदीत विजेचा फीडर पिलर (वीजवाटपाची पेटी), जाहिरातीचा खांब, दुकानाची पायरी आणि उभी केलेली दुचाकी यांपैकी काही ना काही आडवे येतेच. उपजिल्हा रुग्णालयाकडे जाणारी वृद्ध बाई शेवटी रस्त्यावरूनच चालते. म्हणून पदपथाचे काम लांबीने मोजू नये. रुग्णालय, बाजार, बसस्थानक आणि शाळा यांना जोडणारी एक वाट तरी अशी करावी की चाकाची खुर्ची एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत न उचलता जाईल.

बसचे वेळापत्रक हा असाच दुर्लक्षित विषय. कुंडई, बेतोडा आणि मडकई येथील औद्योगिक वसाहतींच्या पाळ्या कधी सुटतात, महाविद्यालये कधी भरतात आणि कदंब या सरकारी महामंडळाच्या व खासगी बसगाड्या कधी येतात, या तीन गोष्टी एका कागदावर मांडल्या तर किती लोक नाइलाजाने दुचाकी घेतात ते कळेल. संध्याकाळनंतर आतल्या गावांना जाणारी बस मिळत नाही म्हणून मुलगा बारावी होताच घरात स्कूटर येते, आणि मग तिच्यासाठी आपण वाहनतळ बांधतो. माघातल्या कवळे आणि मंगेशीच्या जत्रांना जी जादा बससेवा सोडता येते, तिच्यासारखी थोडीशी व्यवस्था रोज रात्री नऊपर्यंत का असू नये, याचा विचार वाहतूक खात्याबरोबर व्हावा. पायलटांचे, म्हणजे भाड्याने प्रवासी नेणाऱ्या मोटरसायकलवाल्यांचे, थांबेही या नकाशावर यावेत. ते या शहराच्या वाहतुकीचा जुना आणि भरवशाचा भाग आहेत.

कॅमेरे आणि सेन्सर यांविषयी माझी भूमिका एका अटीत सांगता येते: खरेदीच्या निविदेबरोबरच पुढील दहा वर्षांच्या देखभालीचा खर्च, तो अर्थसंकल्पाच्या कोणत्या शीर्षाखालून येणार आणि बिघाड झाल्यास किती तासांत दुरुस्ती होणार, हे लिहिलेले असावे. आपल्या पावसात, विजांच्या कडकडाटात आणि दमट हवेत ही यंत्रे फार काळ टिकत नाहीत. शिवाय त्यांतून मिळणारी माहिती कंपनीच्या मालकीची न राहता पालिकेची असावी आणि कोणत्याही संगणकावर उघडेल अशा स्वरूपात ती असावी. तक्रारींचे ॲप काढायचे असेल तर ‘तक्रार निकाली’ असा शेरा मारण्याचा अधिकार तक्रार करणाऱ्यालाच द्यावा, म्हणजे आकडे थोडे कमी सुंदर दिसतील पण खरे असतील.

लोकांचे म्हणणे ऐकण्याविषयी कायद्यात एक विचित्र पोकळी आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्यांची तरतूद केली, परंतु ती तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी बंधनकारक आहे. गोव्यातले एकही शहर एवढे मोठे नसल्याने ती आपल्याला लागूच होत नाही. दुसरीकडे कुर्टीच्या किंवा बांदोड्याच्या रहिवाशाला ग्रामसभेत उभे राहून सरपंचांना जाब विचारता येतो. म्हणजे शहर झाल्यावर माणसाचा बोलण्याचा हक्क कमी होतो. हद्दवाढीच्या चर्चेत पंचायतींतील लोक नाराज का होतात, याचे एक कारण हेही आहे, आणि त्यांची नाराजी मला गैर वाटत नाही. म्हणून हद्दवाढीचा वाद बाजूला ठेवून नगरपालिका आणि चार पंचायतींची सामायिक समिती ठरावाने स्थापन करावी, तिच्या बैठका उघड्या असाव्यात आणि नगरपालिकेने कायद्याची सक्ती नसतानाही प्रभागसभा सुरू कराव्यात. घटनेच्या २४३ झेडडी या कलमाने जिल्हा नियोजन समिती सांगितलेली आहे, तिचे कामच शहर आणि गाव यांच्या योजनांची सांगड घालणे हे आहे. फोंडा तालुका जानेवारी २०१५ पासून दक्षिण गोव्यात आहे, तेव्हा तेथील समितीसमोर हा सामायिक आराखडा ठेवता येईल. आणि तो कोकणी व मराठीत छापावा. १९८७ च्या राजभाषा कायद्याने दोन्ही भाषांना कारभारात स्थान दिले असताना, तीनशे पानांचा इंग्रजी अहवाल कचेरीत ठेवून महिनाभरात हरकती मागवणे, याला सुनावणी म्हणणे कठीण आहे.

आता कालक्रमाविषयी. पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये खोदकामाचा हंगाम सुरू होतो आणि मे महिन्यात तो आटोपावा लागतो. येत्या हंगामात कोणतेही नवे सुशोभीकरण न घेता पहिले काम म्हणून बाजारपेठेचा आणि तिला लागून असलेल्या कुर्टीच्या पट्ट्याचा जमिनीखालील नकाशा पुरा करावा. त्याच पट्ट्यात पुढे कोणत्या खात्याला काय टाकायचे आहे ते सर्व खात्यांकडून लेखी मागवावे आणि एकाच खोदाईत सर्वांच्या वाहिन्या बसतील असे वेळापत्रक जाहीर करावे. जे खाते त्या मुदतीत आले नाही, त्याला पुढील पाच वर्षे तो रस्ता आपत्कालीन दुरुस्तीशिवाय फोडू देऊ नये आणि तसा ठराव पालिकेने व पंचायतींनी एकाच मजकुराने संमत करावा. हा मजकूर तयार करण्यासाठी पाचही संस्थांच्या प्रतिनिधींची पहिली बैठक पावसाळा संपण्यापूर्वीच बोलवावी, तिची सूचना सर्व सूचनाफलकांवर लावावी आणि बैठकीचे इतिवृत्त आठ दिवसांत नागरिकांना पाहण्यासाठी खुले करावे. बैठकीसाठी राजीव गांधी कला मंदिराचे सभागृह मिळाले तर अधिक चांगले, कारण नगरपालिकेच्या सभागृहात एवढ्या लोकांना बसायला जागा होणार नाही.

कळावे,
आपला नम्र,
एक फोंडेकर नागरिक